सल्फर पंप वारंवार ट्रिप होतोय? स्टीम वाढवण्याआधी बायपास बघा

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सल्फ्युरिक ॲसिड प्लांट पूर्ण लोडवर असताना पिटमधला (वितळलेल्या सल्फरच्या हौदातला) सल्फर पंप मुकाट चालतो. ॲसिडला उठाव नसला, टँक भरत आले आणि लोड साठ टक्क्यांवर आणला, की काही तासांत गनचं (फर्नेसमध्ये सल्फर फवारणाऱ्या नळीचं) प्रेशर नाचायला लागतं. मोटरचे अँपिअर आधी थोडे उतरतात, मग हळूहळू चढतात आणि शेवटी ओव्हरलोडवर ट्रिप. थोडा वेळ थांबून पंप पुन्हा सुरू केला तर चालतोही, आणि पुन्हा तेच. वर दर काही महिन्यांनी खालचा बुश (शाफ्टला धरणारं बेअरिंग) संपलेला, शाफ्ट घासलेला. शिव्या पंपवाल्याला आणि ओव्हरटाइम फिटरला.

रात्रपाळीतला संवादही ठरलेला असतो.

"साहेब, सल्फर पंप जड झालाय. अँपिअर चढतायत."

"गोठत असेल. जॅकेटची स्टीम वाढव."

"वाढवली की. साडेपाचवर नेलीय. आणखीच जड व्हायला लागलाय."

गोम इथेच आहे. जड होणारं सल्फर नेहमी गार झालेलं असतं असं नाही. ते जास्त गरम झालं तरी जड होतं, आणि दोन्हींवरचा उपाय एकमेकांच्या बरोबर उलटा आहे. गरम होण्याचं मूळ बहुधा बायपासमध्ये, म्हणजे पंपातून निघालेलं काही सल्फर पिटमध्ये परत नेणाऱ्या लाइनमध्ये, सापडतं.

गार की गरम, हे आधी ठरवा

सल्फर ११५ ते ११९ अंश सेल्सिअसला वितळतं. १२० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ११-१२ सेंटिपॉइज असते आणि तापमान वाढेल तशी ती कमी होत १५५-१५८ च्या आसपास साधारण ७ वर येते. इथपर्यंत सगळं नेहमीच्या तेलासारखं. १५९-१६० ओलांडलं की आठ-आठ अणूंची कडी तुटून लांब साखळ्या तयार होऊ लागतात आणि पुढच्या दहा-बारा अंशांत व्हिस्कॉसिटी हजारो पटींनी वाढते. शुद्ध सल्फरसाठी १८७ अंशांच्या सुमारास ती ९३,००० सेंटिपॉइजपर्यंत जाते. सल्फरमध्ये विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड किंवा सेंद्रिय अशुद्धी असेल तर हा आकडा बराच खाली येतो, पण चढ कुठे सुरू होतो ती जागा फारशी हलत नाही.

आता जॅकेटची, म्हणजे पंप आणि पाइपभोवतीच्या गरम आवरणातली, स्टीम बघा. ३.५ किलो गेज प्रेशरची संपृक्त स्टीम म्हणजे साधारण १४८ अंश, ४ किलोला १५१-१५२. साडेपाच किलोवर नेली की जॅकेटची भिंत १६१-१६२ अंशांवर जाते. म्हणजे वरच्या संवादातल्या साहेबांनी सल्फरला जाड व्हायला हवं तेवढंच तापमान नेमकं पुरवलं. स्टीम सुपरहीटेड असेल, किंवा रिड्यूसिंग व्हॉल्व्ह पास होत असेल, तर कुणी काही न करताही हे घडतं. त्यामुळे जॅकेटच्या हेडरवर प्रेशर गेजसोबत तापमानही दिसलं पाहिजे.

गोठण्याची लक्षणं वेगळी असतात. गोठलेला पंप सुरू करतानाच अडतो. कपलिंग हाताने फिरत नाही, किंवा फिरवताना कर्रकर्र आवाज येतो. कुठला तरी स्टीम ट्रॅप (जॅकेटमधलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) गार लागतो, कॉलमचा वरचा भाग किंवा डिस्चार्जचा एखादा फ्लँज गार असतो. ट्रॅप दुरुस्त करून काही तास गरम होऊ दिलं की पंप मोकळा.

गरम होऊन जड झालेला पंप मात्र चालता चालता जड होतो, तोही कमी लोडवर. ट्रिप झाल्यावर त्याला हात न लावता अर्धा-पाऊण तास थांबा आणि कपलिंग हाताने फिरवून बघा (मोटर आयसोलेट करून, टॅग लावून). सहज फिरतंय? मग ते गोठलेलं नव्हतं. गोठलेलं सल्फर वाट पाहून सुटत नाही. तापलेलं सल्फर १५५ च्या खाली आलं की पुन्हा पातळ होतं. ट्रिपनंतर पंप आपोआप मोकळा होतोय, एवढी एक खूण मिळाली तरी निम्मं निदान झालं.

उष्णता येते कुठून

पंपातूनच. मोटर शाफ्टवर जेवढी शक्ती देते त्यातली उपयोगी हेडमध्ये (द्रवाला दाब देऊन वर चढवण्यात) जाणारी सोडली तर बाकी सगळी सल्फरला गरम करते. फ्लो पुरेसा असेल तर ती उष्णता वाहून जाते. फ्लो कमी झाला की तेच थोडंसं सल्फर इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) अवतीभवती घुसळत राहतं. सल्फरची विशिष्ट उष्णता १४० अंशांच्या आसपास साधारण १.१ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश, म्हणजे पाण्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. घनता १.७९ धरली तरी तेवढ्याच लिटरमध्ये पाण्याच्या निम्मीच उष्णता मावते. पाण्याच्या पंपावरून बांधलेला अंदाज इथे कामाचा नाही.

आकडे घालून बघू. ५०० टन रोज क्षमतेचा ॲसिड प्लांट घ्या. एक टन ॲसिडला ३२ भागिले ९८, म्हणजे ०.३२७ टन सल्फर लागतं. दिवसाला १६३-१६४ टन, तासाला ६.८ टन, म्हणजे घनमीटरमध्ये फक्त ३.८. प्लांट एवढा मोठा आणि फर्नेसचा फ्लो घरगुती बोअरवेलच्या मोटरएवढा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. साठ टक्के लोडवर तो २.३ घनमीटरवर येतो.

समजा पंप असा आहे: सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू, म्हणजे बीईपी, १४ घनमीटर प्रति तासाला, तिथे हेड ७५ मीटर, वेग २,९०० आरपीएम. अशा छोट्या फ्लोच्या आणि मोठ्या हेडच्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आतच असते. सल्फरवर बीईपीला तो साडेतेरा किलोवॅट घेईल, फ्लो शून्याकडे नेला तर सातच्या आसपास. आता एकूण फ्लो, म्हणजे गनकडे जाणारा आणि बायपासमधून परतणारा मिळून, ५ घनमीटर असेल तर सल्फर साडेतीन अंशांनी तापतं. दीड घनमीटर असेल तर नऊ-दहा अंशांनी. अर्ध्या घनमीटरवर ही वाढ सत्तावीस अंशांच्या घरात जाते. पिट १४० अंशांवर असेल तर पंपातलं सल्फर १६७ वर. केसिंग पिटमध्ये बुडालेलं असल्याने थोडी उष्णता बाहेर झिरपते, पण सल्फर उष्णतेचा मोठा दुर्वाहक आहे, त्याच्या भरवशावर राहू नये.

अँपिअर आधी का उतरतात तेही यातून कळतं. अशा पंपाची शक्ती फ्लोबरोबर कमी होते, म्हणून फ्लो पडला की अँपिअर पडतात. मग व्हिस्कॉसिटी चढायला लागली की इम्पेलरच्या चकतीचं घर्षण वाढतं आणि अँपिअर वर जातात. ट्रेंडवर खाली गेलेली आणि मग वर वळलेली अशी रेघ दिसली, की त्या वेळी बायपास काय करत होता हे शोधायचं.

मग बायपास बंद होतोच का

कुणी मुद्दाम वाईट करत नाही. ऑपरेटरला गनचं प्रेशर हवं असतं. गनच्या टिपमधून जाणारा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पूर्ण लोडवर गनला ९ किलो लागत असेल तर साठ टक्के फ्लोला तेच प्रेशर ३.२ किलोवर येतं. फवारा जाडाभरडा पडतो, थेंब पूर्ण जळत नाहीत, न जळलेलं सल्फर पुढे वेस्ट हीट बॉयलरकडे जातं. हे ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो दोन गोष्टी करतो: बायपासचा व्हॉल्व्ह आवळतो आणि फ्लो जास्त जाऊ नये म्हणून गनचा प्लग व्हॉल्व्हही आवळतो. गेजवर प्रेशर छान दिसतं, पण ते व्हॉल्व्हच्या अलीकडचं. टिपला पोचणारं तेवढंच राहतं आणि पंपाचा श्वास मात्र दोन्ही बाजूंनी कोंडतो.

पंप झिजलेला असेल तर चक्र आणखी वाईट फिरतं. वेअर रिंगमधली (इम्पेलरभोवतीच्या झिजणाऱ्या कड्यांमधली) फट वाढली की प्रेशर पडतं, प्रेशर पडलं म्हणून बायपास आवळला जातो, बायपास आवळल्याने बुशवरचा भार आणि तापमान वाढतं, त्याने झीज वाढते. दोन-तीन महिन्यांत पंप बाहेर.

यावर खरा इलाज गनकडे आहे. दोन गन असतील तर कमी लोडवर एक काढा, किंवा लहान टिप लावा. कमी लोड महिनोन्महिने राहणार असेल तर लहान टिपांचा एक संच स्टोअरमध्ये असायलाच हवा. पंपाच्या एका बुशच्या खर्चापुढे टिपांचा खर्च काहीच नाही. तरीही टिपांची इंडेंट (मागणीपत्र) परत येते आणि बुशची लगेच पास होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

उघडा दिसणारा पण बंद असलेला बायपास

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, सील लावलंय, आणि तरीही पंप तापतोय. अशा वेळी लाइन पंपापासून पिटपर्यंत बोटाने धरून चालत जा.

पहिली संशयित जागा ऑरिफिसची, म्हणजे फ्लो मोजका ठेवणाऱ्या भोकाच्या चकतीची. १२ बार फरकाला ५ घनमीटर जायचे तर भोक जेमतेम ९ मिलिमीटरचं येतं. फिल्टरमधून सुटलेली राख, प्रीकोटची (फिल्टरवर दिलेल्या थराची) डायटोमाइट पावडर, सेंद्रिय अशुद्धी आणि सल्फर यांच्यापासून झालेला तो काळा, चिकट कारसल, या सगळ्याला अडकायला याहून सोयीची जागा नाही. ९ चं भोक कडेने जमून ६ वर आलं तर फ्लो ४४ टक्क्यांवर येतो. ५ च्या जागी २.२. शिवाय ऑरिफिसचे फ्लँज बहुतेक वेळा जॅकेटच्या बाहेर राहतात. पाइप गरम, फ्लँजची जोडी गार. तिथे बोल्ट-ऑन जॅकेट लावायचं. जमलं तर एकाऐवजी तीन ऑरिफिस ओळीत घालायचे, म्हणजे प्रत्येकावर चार बारचाच फरक पडतो आणि भोक साडेअकरा-बारा मिलिमीटरपर्यंत मोठं करता येतं. अडकण्याचं प्रमाण लगेच कमी होतं.

दुसरी जागा पिटच्या छतातला नोझल. जॅकेट छताच्या वर संपतं, आतला पाइप सल्फरच्या पातळीत शिरतो, आणि मधली हात-दीड हात लांबीची पट्टी उघडी असते. पिटच्या वाफांच्या जागेतून हवा ओढली जात असेल, तर ही पट्टी वितळणबिंदूच्या आसपासच घुटमळते. फ्लो चालू असताना काही होत नाही. पंप बदलला, लाइन तासभर थांबली, की तिथे बूच बसतं. नव्याने सुरू केलेला पंप मग बायपासशिवायच चालतो.

तिसरी, प्लग व्हॉल्व्ह. हँडल फिरतं, आतला प्लग फिरत नाही. हँडलची दिशा बघून उघडा समजायचं नाही.

आणि स्प्रिंगवाला ऑटोमॅटिक रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह. बॉयलर फीड पंपावर उत्तम चालतो म्हणून कुणी तो सल्फरवर लावायचा विचार करत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. त्यातल्या बारीक फटी आणि स्प्रिंग सल्फरमध्ये जाम होणारच. सतत उघडा ऑरिफिस किंवा पूर्ण जॅकेट असलेला कंट्रोल व्हॉल्व्ह, या दोनच गोष्टी इथे टिकतात. कंट्रोल व्हॉल्व्ह लावाल तर त्याला किमान उघडणीचा यांत्रिक स्टॉप हवा, कंट्रोल रूममधून शून्यावर जाता कामा नये.

बूच वितळवताना एक सावधगिरी. घन सल्फर वितळताना फुगतं, घनता २ च्या आसपासून १.८ वर येते. दोन्ही टोकं बंद ठेवून मधूनच स्टीम दिली तर आतल्या प्रेशरने फिटिंग फुटतं. उघड्या टोकाकडून वितळवत जायचं.

बायपासमधून किती जातंय ते कसं काढायचं

बहुतेक प्लांटमध्ये बायपासवर फ्लोमीटर नसतो. सल्फर विद्युतवाहक नाही, म्हणून मॅग्नेटिक मीटर चालत नाही. जॅकेटवाला कोरिऑलिस मीटर चालतो, पण तो फर्नेसच्या लाइनवर लागला तरी खूप. तेव्हा हिशेबाने काढायचं.

फर्नेसला जाणारं सल्फर ॲसिडच्या उत्पादनावरून मिळतं, टनाला ०.३२७. एकूण फ्लो पंपाच्या कर्व्हवरून. डिस्चार्ज गेजचे किलो दहाने गुणून १.७९ ने भागले की मीटर मिळतात, त्यात पिटच्या पातळीपासून गेजपर्यंतची उंची मिळवायची. इथे कितीतरी जण चुकतात. १२.५ किलो दिसलं की १२५ मीटर धरतात. सल्फरवर ते ७० मीटर आहे. हीच चूक पंप मागवताना झाली तर जवळजवळ पावणेदोनपट हेडचा पंप येतो, आणि मग आयुष्यभर थ्रॉटल करणं आलं.

कमी फ्लोकडे कर्व्ह सपाट असतो, दोन मीटरच्या फरकात फ्लो निम्मा-दुप्पट होतो. म्हणून हेडवर एकट्यावर विसंबू नका, किलोवॅटचा कर्व्हही बघा. तो सरळ रेषेच्या जवळ जातो. फक्त कर्व्ह पाण्यावरचा असेल तर किलोवॅटला १.७९ ने गुणायला विसरू नका.

सगळ्यात भरवशाची मोजणी तापमानाची. पिटचं तापमान आणि बायपासच्या परतीच्या लाइनचं तापमान. फरक तीन-चार अंश असेल तर ठीक. आठच्या वर गेला तर बायपास अडतोय. यासाठी परतीच्या लाइनवर थर्मोवेल (तापमानाचा सेन्सर बसवायची नळी) हवा. इन्फ्रारेड गनने क्लॅडिंगवर नेम धरला तर क्लॅडिंगचंच तापमान मिळेल, आणि क्लॅडिंग काढून नेम धरला तर जॅकेटचं. ती गन ट्रॅप तपासायला ठेवा. थर्मोवेलचा एक पॉइंट डीसीएसवर (कंट्रोल रूमच्या संगणकावर) घेऊन फरकाचा अलार्म लावला की रात्रपाळीला अंदाज बांधत बसावं लागत नाही. पंप डिस्चार्जला १५२ चा अलार्म आणि १५५ ला ट्रिप मी सुचवीन. १५९ ची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण सेन्सरपेक्षा इम्पेलरजवळचं सल्फर गरम असतं.

बुश उघडल्यावर फेकून देऊ नका

ट्रिप होतो तापमानामुळे. बुश जातो तो बहुधा वेगळ्या कारणाने, पण मूळ तेच, कमी फ्लो. बीईपीपासून फार डावीकडे गेल्यावर केसिंगमधलं प्रेशर इम्पेलरभोवती असमान होतं आणि शाफ्ट सतत एका बाजूला ढकलला जातो. व्हर्टिकल पंपाचा शाफ्ट लांब, आणि खालचा बुश सल्फरनेच वंगण घेतो. तेल म्हणून सल्फर काही मोठं कौतुकाचं नाही.

जुना बुश आणि शाफ्ट शेजारी ठेवून बघा. बुश एकाच बाजूला लंबगोल झिजलाय आणि शाफ्ट मात्र सगळीकडून सारखा घासलाय, तर भार एका दिशेने येतोय: कमी फ्लोचा रेडियल थ्रस्ट, किंवा कॉलम सरळ बसलेला नाही. उलट, बुश सगळीकडून सारखा आणि शाफ्ट एकाच बाजूला घासलेला असेल, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा इम्पेलरचं बॅलन्सिंग गेलंय. दोन्हींवर बारीक ओरखड्यांची नक्षी दिसली तर फिल्टरकडे जा, राख येतेय. हे तीन प्रकार जॉबकार्डवर लिहिले जात नाहीत. "बुश बदलला, पंप ओके" एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी निदान पुन्हा पहिल्यापासून.

मूळ घोळ: पंप मागवतानाच

वर म्हटल्याप्रमाणे प्लांटची गरज ३.८ घनमीटर. प्रोसेसवाला दहा टक्के मार्जिन घालून डेटाशीटवर ४.२ लिहितो. ७० मीटर हेडचा, ४.२ घनमीटर बीईपीचा व्हर्टिकल सेंट्रिफ्युगल सल्फर पंप सहज मिळत नाही. पंपवाला त्याच्याकडचं सगळ्यात लहान केसिंग काढतो, बीईपी १४, आणि ४.२ ला ७० मीटर मिळतायत हे दाखवून कोट देतो. डेटाशीटच्या खालच्या कोपऱ्यात किमान सतत फ्लो ५ असं लिहिलेलं असतं. रेटेड ४.२, मिनिमम ५! पंप ज्या कामाला घेतला ते काम त्याच्या स्वतःच्या किमान मर्यादेखाली. दोन्ही आकडे एकाच कागदावर असतात आणि तो कागद सगळ्यांनी सही करून पुढे पाठवलेला असतो.

एपीआय ६१० या पंपांच्या स्टँडर्डप्रमाणे पसंतीचा पट्टा बीईपीच्या ७० ते १२० टक्के आहे आणि रेटेड बिंदू ८० ते ११० टक्क्यांत असावा. सल्फरला हे पाळायचं तर बायपास नंतर जोडायची गोष्ट राहत नाही, रेटेड फ्लोचाच भाग होतो. पण इथे एक फेरा आहे. बायपास मिळवला की पंप मोठा होतो, पंप मोठा झाला की त्याचा किमान फ्लो वाढतो, मग बायपास पुन्हा वाढतो. दोन-तीन फेऱ्यांत तो जुळतो. वरच्याच उदाहरणात १४ ऐवजी बीईपी साडेअकराचा पंप घेतला तर त्याचा किमान फ्लो ४ च्या आसपास येईल. फर्नेसचे ४.२ आणि बायपासचे ४ मिळून ८.२, म्हणजे बीईपीच्या ७१ टक्के. रेटेडची ८० ची अट इथे थोडी हुकते, पण पसंतीच्या पट्ट्यात बसतो. साठ टक्के लोडला, बायपास तेवढाच ठेवला तर, ६.३. गन पूर्ण बंद, प्लांट हॉट स्टँडबायवर, तरी ४. म्हणजे ऑपरेटरने काहीही केलं तरी पंप किमानच्या खाली जात नाही. ऑरिफिस नेहमी शून्य फर्नेस फ्लोसाठी काढायचा, फरक भरून काढण्यापुरता नाही.

यात वीज वाया जाते ही तक्रार येतेच. चार-पाच घनमीटर सतत फिरवायला दोन-सव्वादोन किलोवॅट जास्त लागतात, वर्षाला अठरा हजार युनिटच्या आसपास. आठ रुपये युनिट धरलं तर दीड लाखाच्या आत. एक शटडाउन आणि बुशचा एक संच याच्यासमोर ठेवून बघा.

१,४५० आरपीएमचा पंप घ्यावा का, हाही प्रश्न असतो. लांब शाफ्टला कमी वेग मानवतो, कंपनं कमी होतात. पण एका स्टेजमध्ये ७० मीटर काढायचे तर २,९०० ला साधारण २४० मिलिमीटरचा इम्पेलर पुरतो आणि १,४५० ला जवळपास दुप्पट व्यास लागतो. चकतीचं घर्षण व्यासाच्या पाचव्या आणि वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलतं. हिशेब केला तर घर्षणाची शक्ती चौपट होते, आणि ती सगळी उष्णताच. म्हणून कमी वेग हवा असेल तर दोन स्टेज घ्या, एकाच मोठ्या इम्पेलरवर जाऊ नका.

फ्लो फारच कमी असेल तर सेंट्रिफ्युगलचा हट्ट सोडावा. आपल्याकडच्या डबल सल्फिटेशनच्या साखर कारखान्यात पाच हजार टन गाळपाला दिवसाला दोन-तीन टन सल्फर जळतं. तिथे सेंट्रिफ्युगल पंप आणि बायपास यांचा विचारही कुणी करत नाही, ते बरोबरच आहे. जॅकेटवाला गियर पंप व्हेरिएबल स्पीड ड्राइव्हवर लहान ॲसिड प्लांटला चालतो. मात्र राखेशी त्याचं अजिबात जमत नाही आणि रिलीफ व्हॉल्व्हशिवाय त्याला चालवू नये.

मोटर सल्फरच्या घनतेवर निवडली आहे ना, हे टेस्टच्या वेळीच बघा. पंपवाल्याच्या शॉपमध्ये पाण्यावर साडेसात किलोवॅट दिसले की कुणीतरी ११ ची मोटर पुरेल म्हणतो. सल्फरवर तोच पंप साडेतेरा घेतो. आणि साइटवर पिटमध्ये पाणी भरून ट्रायल घेण्याची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा. राहिलेल्या पाण्यावर १४० अंशांचं सल्फर आलं की वाफेचा भडका उडतो, आणि ओलं सल्फर कार्बन स्टीलला खातं ते वेगळंच.

परतीची लाइन आणि राखीव पंप

बायपासचा फाटा पंपाच्या डिस्चार्जवर, आयसोलेशन व्हॉल्व्हच्या अलीकडे घ्यायचा. परत येणारा पाइप सल्फरच्या पातळीखाली बुडलेला हवा. वरून धार सोडली तर शिंतोड्यांनी स्थिर वीज तयार होते, हवा मिसळते आणि विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. रिफायनरीच्या सल्फर रिकव्हरी युनिटमधल्या डीगॅस न केलेल्या सल्फरमध्ये हा वायू २५०-३५० पीपीएम असतो, आणि गरम पिटच्या तापमानाला त्याची स्फोटाची खालची मर्यादा नेहमीच्या ४.३ टक्क्यांवरून साडेतीनच्या आसपास येते. तिथे पिटची स्वीप एअर (वायू बाहेर नेणारी हवा) बंद असताना बायपास पूर्ण उघडून ठेवू नये. बुडलेल्या पाइपला पातळीच्या वर छोटं भोक ठेवा, नाहीतर पंप थांबल्यावर सायफन होतो. आणि परतीचं टोक सक्शनपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, मध्ये बॅफल घाला. मी एका पिटमध्ये परतीचा पाइप सक्शनच्या स्ट्रेनरपासून हातभर अंतरावर पाहिला आहे. गरम झालेलं सल्फर आणि बुडबुडे थेट पुन्हा पंपात. बायपास उघडला की प्रेशर जास्तच नाचायचं, त्यामुळे तिथल्या लोकांनी तो बंद करण्याचाच नियम करून टाकला होता.

दोन पंपांना एकच बायपास हेडर असेल तर चालू पंपाचं सल्फर राखीव पंपाच्या बायपासमधून उलटं त्याच्यात शिरतं आणि तो उलटा फिरत राहतो. हे आवाजावरून कळत नाही, कपलिंग गार्डच्या जाळीतून डोकावून बघावं लागतं. उलट फिरणाऱ्या पंपाचं स्टार्ट बटण दाबलं तर लांब शाफ्ट पिळतो किंवा इम्पेलर नट सुटतो. चेक व्हॉल्व्ह सल्फरमध्ये अर्धवट उघडा अडकतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक पंपाला स्वतःचा ऑरिफिस आणि पिटपर्यंत स्वतःचा पाइप द्या. जागा नसल्याने ते शक्य नसेल, तर चेंजओव्हरच्या एसओपीमध्ये राखीव पंपाचा बायपास स्टार्टच्या आधी उघडायचा, कपलिंग स्थिर आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच बटण, हा क्रम लिहून पंपाच्या स्टार्टरशेजारी लावा.